लिव्हरच्या गाठीसाठी आरएफए: इलेक्ट्रोड कसा निवडायचा, स्टेप बाय स्टेप

आरएफए म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी अॅब्लेशन, करंट देणारी सुई (हाच इलेक्ट्रोड) गाठीत घालून ती जाळणं. नवीन रेसिडेंट आले की पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी विचारतंच, "मॅडम, यातला बेस्ट इलेक्ट्रोड कुठला?" समोर टेबलवर कंपनीच्या माणसाने ठेवलेलं ब्रोशर असतं, त्यावर मोठ्या अक्षरांत ५ सेंमी छापलेलं असतं, आणि पोरांना वाटतं ज्याचा आकडा मोठा तो भारी. तसं नसतं हो. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू. हे मुख्यतः इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी शिकणाऱ्यांसाठी आणि आमच्या टेक्निशियन-सिस्टर मंडळींसाठी आहे, पण घरात कोणाच्या लिव्हरमध्ये गाठ निघालीये आणि डॉक्टरांनी "सुई घालून जाळून टाकू" असं सांगितलंय, तर त्यांनीही वाचा, मधले वॅट आणि ओहम सोडून द्या. आणि हो, इथले आकडे विषय समजावा म्हणून आहेत, तुमच्या मशीनचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलच खरं.

आधी हे कळलं पाहिजे: उष्णता येते कुठून

बऱ्याच जणांना वाटतं सुईचं टोक तापतं आणि त्याने गाठ भाजते. टोक स्वतः तापत नाही. जनरेटरमधून साधारण ४६० ते ४८० किलोहर्ट्झचा करंट निघतो, सुईच्या उघड्या टोकातून लिव्हरमध्ये शिरतो आणि पेशंटच्या मांड्यांवर लावलेल्या ग्राउंडिंग पॅडमधून परत मशीनकडे जातो. करंटची दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलत असल्यामुळे टिश्यूमधले आयन जागच्या जागी हलत राहतात आणि त्या घर्षणाने टिश्यूच तापतो. सुईजवळ जागा कमी म्हणून करंट दाटलेला, लांब गेलं की तो पसरतो, आणि उष्णता अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते, म्हणजे अंतर दुप्पट झालं की उष्णता थेट सोळाव्या हिश्शावर. त्यामुळे करंटने खरोखर तापतं ते सुईभोवतीचं काही मिलिमीटर, पुढचं सगळं उष्णता हळूहळू पसरून होतं. एका बर्नला, म्हणजे एकदा जाळायला, दहा-बारा मिनिटं का लागतात ते आता लक्षात येईल.

आता तापमान. ५० ते ५२ डिग्रीला पेशी मरायला चार-सहा मिनिटं लागतात, ६० च्या वर गेलं की प्रोटीन लगेच गोठतं आणि पेशी तिथेच संपते. मग १५० डिग्रीला का नेत नाही? कारण १०० ते ११० च्या पुढे टिश्यूमधलं पाणी उकळतं, वाफ होते, सुईभोवती कोळशासारखा थर बसतो, तो थर करंट जाऊच देत नाही, इंपिडन्स (करंटला होणारा अडथळा) झपकन वर चढतो आणि बर्न बंद. मोठ्या आचेवर भाकरी टाकली की वरून करपते आणि आत कच्ची राहते, अगदी तेच. १९९० मध्ये इटलीत रोसी आणि अमेरिकेत मॅकगहान यांनी वेगवेगळं काम करून लिव्हरमध्ये सुईतून आरएफ देता येतं हे दाखवलं, तेव्हाच्या साध्या सरळ सुईने जेमतेम १.६ सेंमी रुंद भाग जळायचा, कारण हेच करपणं.

त्यानंतर जेवढे इलेक्ट्रोड आले ते सगळे या एकाच भानगडीवरचे उपाय आहेत. कोणी सुई आतून थंड केली, कोणी एका सुईतून अनेक तारा बाहेर काढल्या, कोणी टोकातून सलाईन सोडलं, कोणी पॅडच काढून टाकले. हे डोक्यात ठेवून पुढे वाचलंत तर ब्रँडची नावं पाठ करायची गरज पडत नाही.

स्टेप १: ब्रोशर उघडायच्या आधी कागदावर गणित

समजा सिरॉसिसच्या पेशंटला सेगमेंट ८ मध्ये (लिव्हरच्या आठ भागांपैकी एक) २.४ सेंमीची एचसीसी, म्हणजे लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरची गाठ आहे. गाठ जाळली म्हणजे काम झालं नाही, भोवतीचा चांगला दिसणारा लिव्हरही थोडा (हेच मार्जिन) जाळावा लागतो, कारण मायक्रोस्कोपिक पेशी तिथे गेलेल्या असू शकतात. एचसीसीला चारही बाजूंनी किमान ५ मिमी, आतड्याच्या कॅन्सरच्या मेटास्टॅसिसला (तिथून लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठीला) शक्यतो १ सेंमी. म्हणजे आपल्या गाठीला कमीत कमी ३.४ सेंमीचा झोन, म्हणजे पूर्ण जळालेला भाग, पाहिजे, आणि मनासारखं करायचं तर ४.४ चा.

इथे दोन गोष्टी पोरं विसरतात. पहिली, हा ३.४ आकडा झोनच्या सगळ्यात लहान व्यासाचा आहे. सरळ सुईचा झोन लांबट अंडाकृती असतो, सुईच्या दिशेने लांब आणि आडवा बारीक, आणि सांगताना बरेचदा लांबीच सांगितली जाते. कोणीही आकडा सांगितला की विचारायचं, शॉर्ट अॅक्सिस किती? आणि कशात मोजलाय? कारण टेबलवर ठेवलेल्या गुराच्या लिव्हरमध्ये रक्त वाहत नसतं, त्यात आलेला आकडा जिवंत माणसाच्या लिव्हरमध्ये येत नाही, बराच कमी येतो.

दुसरी गोष्ट, सुई बरोब्बर मध्यभागी जाईल हे गृहीत धरू नका. ४ सेंमीचा गोल झोन आणि २.४ ची गाठ, तर सगळीकडे ८ मिमी मार्जिन मिळतं. सुई फक्त ५ मिमी बाजूला पडली तर एका बाजूला १३ मिमी आणि दुसरीकडे ३ मिमी. झालं, त्याच ३ मिमीच्या बाजूने सहा महिन्यांनी गाठ परत दिसते आणि आपण म्हणतो बायोलॉजी खराब होती.

गाठ मोठी असेल तर दोन-तीन बर्न एकमेकांवर चढवू, असं सहज बोललं जातं. त्याचं गणित बघून घ्या. ५ सेंमीचे सहा गोल नीट एकमेकांवर चढवले तरी त्यांच्यात न सुटता पूर्ण जळालेला गोल मिळतो फक्त ६.२५ सेंमीचा. सहापट मेहनत आणि व्यास पंचवीस टक्के जास्त! १ सेंमी मार्जिन धरलं तर एका ५ सेंमीच्या बर्नमध्ये ३ सेंमीची गाठ बसते आणि सहा बर्नमध्ये ४.२५ ची. त्यात पहिल्या बर्ननंतर बुडबुड्यांमुळे सोनोग्राफीवर काही दिसत नाही ते वेगळंच. ३ सेंमी ही जी रेष सगळीकडे दिसते, बीसीएलसीच्या (लिव्हर कॅन्सरच्या टप्प्यांची पद्धत) अर्ली स्टेजमध्ये तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंमीच्या आत, तिच्यामागे ही भूमितीही आहे. २ सेंमीच्या आतल्या एकट्या गाठीत आरएफएचे रिझल्ट खरंच उत्तम आहेत, इटलीच्या लिव्राघींच्या २००८ च्या पेपरमध्ये टिकून राहिलेला कंप्लीट रिस्पॉन्स ९७ टक्क्यांच्या वर होता.

स्टेप २: इलेक्ट्रोडची घराणी ओळखा

सरळ आणि आतून थंड केलेली सुई. आपल्याकडे सगळे हिला कूल-टिप म्हणतात, बाकी कंपन्यांची असली तरी. १७ गेज, म्हणजे बऱ्यापैकी बारीक, उघडं टोक १, २, ३ किंवा ४ सेंमी. आत दोन नळ्या, एकीतून बर्फातलं गार पाणी टोकापर्यंत जातं, दुसरीतून परत येतं, पेशंटच्या अंगात एक थेंब जात नाही (हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात). टोक गार राहिलं की त्याला चिकटलेला टिश्यू करपत नाही, मग जास्त करंट देता येतो आणि उष्णता लांब पोचते. ३ सेंमी टोकाच्या एका सुईने जिवंत लिव्हरमध्ये शॉर्ट अॅक्सिस साधारण अडीच सेंमी धरून चाला, नशीब चांगलं असेल तर ३. म्हणजे आपल्या २.४ च्या गाठीला एक सुई एकदा घालून भागणार नाही.

मोठं पाहिजे तर क्लस्टर, एकाच हँडलला ५ मिमी अंतरावर तीन सुया, प्रत्येकीचं टोक २.५ सेंमी. झोन चांगला मोठा येतो, पण बरगड्यांच्या मधून तीन सुया एकदम घालणं वैतागाचं काम आहे, आणि आत जाताना त्या थोड्या फाकतात किंवा जवळ येतात. मला विचाराल तर त्यापेक्षा दोन-तीन वेगळ्या सुया घालून स्विचिंग कंट्रोलर वापरणं बरं, मशीन आलटून पालटून एकेका सुईला करंट देतं आणि सुयांमधलं अंतर आपण गाठ बघून ठरवू शकतो. कोरियन कंपन्यांच्या काही सुयांमध्ये उघड्या टोकाची लांबी कमीजास्त करता येते, वेगवेगळ्या मापाच्या गाठी एकाच बैठकीत करायच्या असतील तर सोयीचं पडतं.

या सुईचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ती दिसते आणि जिथे नेली तिथे जाते. सोनोग्राफीवर एक सरळ पांढरी रेष. शिकणाऱ्याने हिच्यावरच हात बसवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

फुलणारी, म्हणजे एक्सपांडेबल सुई. जाड कॅन्युला, साधारण १४-१५ गेज (गेजचा आकडा जेवढा कमी तेवढी सुई जाड), आत गेल्यावर हँडल ढकललं की टोकातून वाकड्या तारा बाहेर येतात, त्यांना टाईन्स म्हणतात. करंट एका टोकाऐवजी नऊ-दहा ठिकाणी वाटला जातो, म्हणून करपणं उशिरा होतं आणि झोन गोलाच्या जवळ जातो. यात दोन मुख्य प्रकार, आणि लोक दोघांना एकच समजतात, तिथे गडबड होते.

पहिला प्रकार लव्हीन, त्यात तारा बाहेर येऊन मागे वळतात, उघडलेल्या छत्रीसारख्या, म्हणून झोन टोकाच्या पुढे फार जात नाही, कॅन्युला गाठीत कुठवर न्यायची ते यावर ठरतं. तारांत थर्मामीटर नाही, मशीन फक्त इंपिडन्स बघतं. अॅरेचा व्यास ठरलेला, २ पासून ५ सेंमीपर्यंत वेगवेगळ्या सुया मिळतात, एकदा पाकीट फोडलं की तेच माप.

दुसरा प्रकार स्टारबर्स्ट, जुने लोक याला रिटा म्हणतात, यात तारा पुढे आणि बाजूला जातात आणि टप्प्याटप्प्याने उघडता येतात, आधी २ सेंमी, मग ३, मग ४, मग ५. एक्सएल मॉडेलमध्ये नऊ तारा आणि त्यातल्या पाचांच्या टोकाला थर्मोकपल, म्हणजे झोनच्या कडेला किती तापमान आहे ते स्क्रीनवर पाच आकड्यांत दिसतं. मशीन सरासरी १०५ डिग्री गाठायला बघतं. इथे नजर सरासरीवर ठेवू नका, सगळ्यात कमी आकड्यावर ठेवा. चार तारा १०५ ला आणि एक ७० वर अडकलीये, म्हणजे त्या बाजूला बहुतेक रक्तवाहिनी आहे आणि तिकडचं मार्जिन बारीक आहे.

फुलणाऱ्या सुईची अडचण म्हणजे तारा कुठे गेल्या हे नक्की कळणं. सिरॉसिसचा लिव्हर कडक, त्यात गाठीला स्वतःची कॅप्सूल (आवरण) असली तर तार आत घुसायच्या ऐवजी कॅप्सूलवरून सरकून बाहेर जाते. तारा ढकलताना हाताला अडथळा जाणवला आणि कॅन्युलाच मागे सरकली तर जोर लावू नका, टाईन्स पूर्ण आत ओढा, सुई थोडी फिरवा, परत उघडा. शक्य असेल तर उघडल्यावर एक सीटी स्लॅब घ्या, प्रत्येक तारेचं टोक मोजा आणि त्याच्या पुढे पित्ताशय किंवा आतडं नाहीये ना ते बघा.

परफ्यूज्ड, म्हणजे सलाईन सोडणारी सुई. टोकाला बारीक छिद्रं, त्यातून बर्नच्या वेळी सलाईन टिश्यूमध्ये झिरपतं. सलाईनमधून करंट चांगला वाहतो आणि टिश्यू कोरडा पडत नाही, त्यामुळे झोन मोठा. पण सलाईन कुठल्या फटीतून कुठे जाईल सांगता येत नाही, झोन वेडावाकडा येतो. मोठा पण बेभरवशाचा, लिव्हरमध्ये मला हा प्रकार फारसा पटत नाही.

बायपोलर आणि मल्टिपोलर. इथे दोन्ही पोल सुईवरच, करंट मांडीपर्यंत जातच नाही, पॅड लागत नाहीत. सेलॉनच्या सिस्टिममध्ये तीन सुया लावता येतात, तिघींचे मिळून सहा पोल, त्यांच्या पंधरा जोड्या होतात आणि मशीन त्या जोड्यांमधून फिरत राहतं. यातली खरी गंमत म्हणजे सुया गाठीत घालायच्याच नाहीत, गाठीच्या बाहेर भोवती उभ्या करायच्या आणि बाहेरून आत जाळत यायचं. याला नो-टच म्हणतात, फ्रान्समध्ये यावर बरंच काम झालंय. गाठीला सुई न लागल्यामुळे पेशी मार्गात सांडायची भीती कमी आणि मार्जिन आपोआप मिळतं. बदल्यात तीन सुया समांतर घालाव्या लागतात, एक तिरकी गेली तर त्या बाजूला मधे कच्चं राहतं. कार्डियाक पेसमेकर असलेल्या पेशंटला हा पर्याय जास्त सोयीचा, तरी कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही.

आणि मायक्रोवेव्ह. हा इलेक्ट्रोड नाही, अँटेना आहे, पण आज तुलना केली तर याला वगळून चालणार नाही. ९१५ किंवा २४५० मेगाहर्ट्झ, यात करंट वाहत नाही, पाण्याचे रेणूच फिरवले जातात, त्यामुळे करपलं तरी ऊर्जा अडत नाही, तापमान १०० च्या बरंच वर जातं, वेळ कमी लागतो, पॅड नाहीत, रक्तवाहिनीजवळ कमी गारठतं. मग आरएफ बंद करून टाकायचं का? लहान गाठीत फरक वाटतो तेवढा नाही. २०१८ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या ट्रायलमध्ये ४ सेंमीपर्यंतच्या एचसीसीत दोन वर्षांत गाठ जागेवर परत यायचं प्रमाण मायक्रोवेव्हमध्ये ६ टक्के आणि आरएफमध्ये १२ टक्के आलं, पण स्टॅटिस्टिकली तो फरक सिद्ध झाला नाही. ३ सेंमीच्या पुढे किंवा मोठ्या शिरेला टेकलेली गाठ असेल तर मी मायक्रोवेव्ह मागते. हायलमजवळ (लिव्हरचं दार, जिथून मुख्य पित्तनलिका बाहेर पडते) मात्र तीच ताकद पित्तनलिकेला महागात पडते.

स्टेप ३: गाठीचे शेजारी बघा

माझ्या मते निवड खरी इथे होते. सीटी उघडा आणि गाठीच्या कडेपासून १ सेंमीच्या आत काय काय आहे ते बघा.

३ मिमीपेक्षा जाड शीर असेल तर तिच्यातलं ३७ डिग्रीचं रक्त सतत उष्णता वाहून नेतं, हीट सिंक म्हणतात ते. झोन त्या बाजूला चपटा होतो. आपली सेगमेंट ८ ची गाठ समजा मिडल हिपॅटिक व्हेनला टेकलीये. सरळ सुई असेल तर ती मध्यभागी न घालता शिरेच्या बाजूला सरकवून एक बर्न आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, किंवा दोन सुया स्विचिंगवर. स्टारबर्स्ट असेल तर शिरेकडच्या तारेचं तापमान बघत वेळ वाढवायचा. मायक्रोवेव्ह असेल तर हे प्रकरण बरंच सोपं.

गाठ लिव्हरच्या कॅप्सूलला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, लागून असेल तर सरळ तिच्यात सुई खुपसू नका, आधी १-२ सेंमी चांगल्या लिव्हरमधून जाऊन मग गाठीत शिरा. २००१ मध्ये बार्सिलोनाच्या टीमने ३२ पेशंटपैकी ४ जणांत सुईच्या मार्गात गाठ उगवल्याचं छापलं तेव्हा खळबळ झाली होती, पण त्यात कॅप्सूललगतच्या आणि कमी डिफरन्शिएटेड (पेशी मूळ लिव्हरच्या पेशींसारख्या कमी दिसणाऱ्या) गाठींचाच संबंध दिसला. नंतरच्या मोठ्या सिरीजमध्ये प्रमाण खूप कमी आहे.

आतडं, पोट किंवा पित्ताशय चिकटून असेल तर मध्ये पाणी सोडून अंतर करायचं. आरएफमध्ये हे पाणी म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोज, नॉर्मल सलाईन नाही! सलाईनमधून करंट वाहतो, म्हणजे ज्या आतड्याला वाचवायला पाणी सोडलं त्याच्यापर्यंत आपणच रस्ता करून दिला. ट्रॉलीवर दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात, सिस्टरना आधीच सांगून ठेवा आणि सोडताना लेबल मोठ्याने वाचा. अशा जागी फुलणारी सुई टाळलेली बरी, एखादी तार कुठे जाईल नेम नाही. २ सेंमी टोकाची सरळ सुई, आतड्याला समांतर, हे सगळ्यात शांत झोप देणारं कॉम्बिनेशन.

हायलमपासून १ सेंमीच्या आत गाठ असेल तर उष्णतेचा नादच शक्यतो करू नका, मुख्य पित्तनलिका आकसली तर पेशंटला आयुष्यभर स्टेंट बदलत बसावं लागतं. आणि आधी व्हिपल (स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन) झालंय किंवा पित्तनलिका आतड्याला जोडलीये असा पेशंट असेल तर जळालेल्या जागेत पू होण्याचा धोका खूप वाढतो, इलेक्ट्रोड कुठलाही घ्या. ही हिस्टरी फाईलच्या तळाशी सापडते, म्हणून फाईल पूर्ण वाचा.

स्टेप ४: पॅड, कारण भाजतं ते इथेही

मोनोपोलर असेल, म्हणजे कूल-टिप, लव्हीन, स्टारबर्स्ट सगळेच, तर जेवढा करंट लिव्हरमध्ये जातो तेवढाच पॅडमधून बाहेर येतो. दोन्ही मांड्यांवर, सुईपासून सारख्या अंतरावर, आणि पॅडची लांब बाजू लिव्हरकडे तोंड करून आडवी. पॅड उभा लावला तर लिव्हरकडची अरुंद कडा सगळा करंट ओढते आणि तिथे चामडी भाजते, पेशंट भूल उतरल्यावर पोटाचं सोडून मांडीचंच सांगत बसतो. केस काढा, त्वचा कोरडी करा, बेटाडीन ओघळून पॅडखाली गेलेलं नसावं, हिपमध्ये मेटल असेल तर करंटचा रस्ता तिथून जाणार नाही अशी जागा निवडा. दोन-तीन बर्न होणार असतील तर मधेच चादर उचलून पॅडच्या कडेला हात लावून बघायचा, गरम लागला तर थांबायचं.

स्टेप ५: बर्न करताना काय बघायचं

कूल-टिपला आधी पंप चालू, टोकाचं तापमान २० डिग्रीच्या खाली उतरलंय याची खात्री, मगच आरएफ. पंप चालू न करता आरएफ दिलं तर ती साधी सुई झाली, १९९० मध्ये परत गेलो आपण. स्क्रीनवर सुरुवातीचा इंपिडन्स बघून ठेवा, लिव्हरमध्ये ५० ते १०० ओहमच्या आसपास असतो. खूपच जास्त दिसला तर आधी पॅड आणि केबल बघा. पॉवर हळूहळू वाढते, काही मिनिटांत सोनोग्राफीवर सुईभोवती पांढरा ढग उठायला लागतो, मग कधीतरी इंपिडन्स साधारण २० ओहमने वर उडी मारतो आणि मशीन आपणहून करंट खाली आणतं, काही सेकंद थांबून परत देतं. हे वरखाली होणं म्हणजे बिघाड नाही, तसंच असतं. पूर्ण १२ मिनिटं द्या. शेवटी पंप बंद करून टोकाचं तापमान वाचा, ६० च्या वर पाहिजे. कमी आलं तर परत एक बर्न.

पांढरा ढग मात्र मार्जिन समजू नका. ते वाफेचे आणि गॅसचे बुडबुडे आहेत, शिरेतून लांबही पसरतात, झोनपेक्षा मोठे किंवा लहान काहीही दिसू शकतात. आणि ढगाखालचं काही दिसत नाही, म्हणून दोन बर्न करायचे असतील तर खोल बाजूचा आधी, वरचा नंतर.

लव्हीनमध्ये पॉवर पायरीपायरीने, मिनिटाला १० वॅटने वाढवत न्यायची, आणि वाट बघायची रोल-ऑफची, म्हणजे इंपिडन्स एकदम चढून पॉवर आपोआप कोसळते तो क्षण. मग अर्धा मिनिट थांबून कमी पॉवरवर दुसरी फेरी, परत रोल-ऑफ. सुरुवातीलाच जास्त वॅट देऊन घाई केली तर दोन-तीन मिनिटांतच रोल-ऑफ येतो, मशीन म्हणतं झालं, आणि आत फक्त तारांजवळचं करपलेलं असतं.

स्टारबर्स्टमध्ये २ सेंमी उघडून तापमान गाठू द्या, मग पुढचा टप्पा. एकदम ५ वर उघडायचा मोह आवरा, मधला भाग कच्चा राहतो. शेवटी मशीन कूल-डाऊन दाखवतं, तेव्हा कुठली तार पटकन गार होते ते बघा, शीर तिकडेच आहे.

सगळ्यांना लागू असलेली एक गोष्ट, सिंगल यूज म्हणून विकलेल्या सुया धुऊन परत वापरणं आपल्याकडे सर्रास चालतं, किमती बघता का चालतं ते कळतं, पण जंतूंइतकीच काळजी इन्सुलेशनची करा. सुईच्या दांड्यावरचं आवरण कुठे तडकलं की करंट तिथूनही बाहेर पडतो आणि बरगडीजवळचा मसल किंवा त्वचा भाजते. फुलणाऱ्या सुईच्या तारा दुसऱ्यांदा सारख्या उघडत नाहीत, वाकलेली तार डोळ्यांना दिसतेही. मी तरी नाही वापरत.

स्टेप ६: सुई बाहेर काढताना

घाई इथे सगळ्यांना होते. टाईन्स पूर्ण आत गेल्या का बघा, एखादी अर्धी बाहेर राहिली आणि ओढलं तर लिव्हर फाटतो. मग मार्ग जाळत यायचं. कूल-टिपला पंप बंद ठेवून आरएफ चालू, टोकाचं तापमान ७०-८० च्या वर, आणि सेंटीमीटर सेंटीमीटर मागे. याने मार्गातलं रक्त थांबतं आणि चिकटून आलेल्या पेशी मरतात. लिव्हरच्या कॅप्सूलपाशी आलो की आरएफ बंद, नाहीतर पोटाची भिंत आणि त्वचा भाजेल. उघडं टोक ३ सेंमी आहे हे तेव्हा लक्षात ठेवा, दांडा किती बाहेर आला यापेक्षा टोकाची मागची कडा कुठे आहे ते महत्त्वाचं.

घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की तिसऱ्या दिवसाच्या आसपास बारीक ताप, अंग मोडून येणं, मळमळ होऊ शकतं, चार-पाच दिवसांत जातं, त्यासाठी पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून, कारण लिव्हर आधीच नाजूक. आठ-दहा दिवसांनंतरही ताप राहिला, थंडी वाजून आला किंवा कावीळ दिसली तर फोनवर बोलत न बसता सरळ हॉस्पिटल.

स्टेप ७: एक महिन्याचा स्कॅन आणि तुमची नोट

साधारण एक महिन्याने ट्रिपल फेज (कॉन्ट्रास्ट देऊन तीन टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा एमआरआय, नंतर दर तीन महिन्यांनी. बघायचं एवढंच की काळा, कॉन्ट्रास्ट न घेणारा झोन जुन्या गाठीला सगळीकडून गिळून बसलाय का. आधीचा आणि नंतरचा स्कॅन शेजारी लावा, एकाच शिरेच्या फाट्यावरून दोन्हीकडे अंतर मोजा, नुसतं "नो एनहान्समेंट" लिहून मोकळं होऊ नका. सुरुवातीच्या आठवड्यांत कडेने पातळ, एकसारखी पांढरी रिम दिसली तर ती बहुतेक सूज असते. एकाच बाजूला जाडसर, गाठीसारखं आर्टेरियल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना) चमकलं आणि नंतर वॉशआऊट झालं, म्हणजे भोवतीच्या लिव्हरपेक्षा फिकं पडलं, तर ते शिल्लक आहे. ते त्या शिरेच्या बाजूलाच असतं बऱ्याचदा.

आणि प्रोसिजर नोटमध्ये "आरएफए डन" एवढं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. कुठला इलेक्ट्रोड, उघडं टोक किंवा अॅरे किती सेंमीचा, कुठल्या बरगडीमधून आणि कुठल्या दिशेने घातला, किती बर्न, प्रत्येक किती मिनिटं, शेवटचं तापमान किंवा रोल-ऑफ आला की नाही, कुठली तार गार राहिली, मार्ग जाळला का, हे सगळं लिहा. पुढच्या वेळी त्या शिल्लक तुकड्यात सुई घालणारा माणूस तुम्ही नसाल, दुसराच कोणीतरी असेल आणि त्याच्याकडे ही नोट सोडून काही नसेल.